सी भाषेत दोन मजकूर ‘सारखे’ आहेत असे नेमके केव्हा म्हणायचे?

धागाकर्ता : पाटीपेन्सिल

‘==’ लावून दोन स्ट्रिंग का जुळत नाहीत, हा प्रश्न या विभागात वरचेवर येतो आणि ‘स्ट्रकम्प (दोन मजकूर ताडून पाहणारे फंक्शन) वापरा’ असे एका ओळीचे उत्तर देऊन आपण सगळे मोकळे होतो. ते उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. माझे म्हणणे असे की, सी भाषेत ‘हे दोन सारखे आहेत का’ हा एक प्रश्न नसून तीन-चार वेगवेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांतला आपला प्रश्न कोणता हे ठरवण्याआधीच आपण फंक्शन निवडतो, म्हणून पुढचे घोटाळे होतात. (फंक्शनांची नावे आपण बोलताना उच्चारतो तशी देवनागरीत लिहिली आहेत.)

सी भाषेत स्ट्रिंग नावाचा स्वतंत्र प्रकारच नाही. ओळीने ठेवलेले बाइट आणि त्यांच्या शेवटी शून्य किमतीचा एक बाइट, एवढ्याच कराराला आपण स्ट्रिंग म्हणतो. ॲरेचे नाव तुलनेत आले की त्याचे रूपांतर पहिल्या घटकाच्या मेमरीतल्या पत्त्यात होते. म्हणून नाव == "पुणे" असे लिहिले की कंपायलर दोन पत्ते ताडून पाहतो आणि त्या पत्त्यांवर काय लिहिले आहे याकडे ढुंकूनही बघत नाही.

खरा गोंधळ असा की, हे लिखाण कधीकधी चालते. एकाच फाइलमध्ये दोन ठिकाणी "पुणे" असा स्थिर मजकूर लिहिला असेल, तर जीसीसीसारखे कंपायलर त्याची मेमरीत एकच प्रत ठेवतात, त्यामुळे दोन्ही पॉइंटरांत (पत्ता साठवणाऱ्या चलांत) तोच पत्ता येतो आणि ‘==’ चे उत्तर खरे येते. असे करावे की करू नये हे भाषेच्या मानकाने मोकळे सोडले आहे, त्यामुळे या उत्तरावर भिस्त ठेवता येत नाही. नवशिक्या माणूस दोन स्थिर मजकूर घेऊन प्रयोग करतो, तो यशस्वी होतो, आणि मग तेच नाव कीबोर्डवरून वाचले की तुलना फसते. जीसीसीमध्ये सगळे नेहमीचे इशारे चालू करण्याचा पर्याय दिला तर स्थिर मजकुराशी केलेल्या अशा तुलनेवर कंपायलर स्वतःच बोट ठेवतो. तो पर्याय न देता सी शिकवणे मला तरी पटत नाही.

स्ट्रकम्प दोन्ही मजकुरांतून एकेक बाइट घेत जाते. पहिला फरक सापडला की थांबते, नाहीतर दोन्हीकडे एकाच वेळी शून्य आले की थांबते. (आजच्या लायब्ररींत प्रत्यक्षात सोळा-सोळा, बत्तीस-बत्तीस बाइट एकदम तपासले जातात, पण उत्तर तेच राहते.) उत्तर शून्य आले तर मजकूर जुळले, ऋण आले तर पहिला मजकूर आधी आणि धन आले तर नंतर, एवढेच मानक सांगते. जुळल्यावर शून्य म्हणजे ‘खोटे’ मिळत असल्याने नुसते इफ (स्ट्रकम्प(अ, ब)) असे लिहिले की ते वाचायला ‘जुळले तर’ असे वाटते आणि चालते नेमके उलट. म्हणून चार अक्षरे जास्त लिहावी लागली तरी == ० हे स्पष्ट लिहावे, असे माझे मत आहे.

थोडक्यात, दोन्ही पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवतात का, दोन्हीकडचे बाइट तेच आहेत का, वाचणाऱ्याच्या दृष्टीने मजकूर तोच आहे का, आणि यादीत आधी कोणता लावायचा, हे चार प्रश्न वेगळे आहेत. पहिल्या दोनांची उत्तरे सी भाषा नीट देते. उरलेल्या दोनांविषयी इथल्या अनुभवी मंडळींनी लिहावे.

अर्धविराम

माझी अडचण दुसऱ्या प्रश्नातलीच आहे. मी एफगेट्सने (एकेक ओळ वाचणाऱ्या फंक्शनने) गावाचे नाव वाचतो आणि स्ट्रकम्पनेच "पुणे" शी ताडून पाहतो. पडद्यावर छापले तर दोन्ही नावे तंतोतंत सारखी दिसतात, तरी उत्तर शून्य येत नाही. फाइलमधून वाचले तर पहिल्याच ओळीचे नाव जुळत नाही आणि बाकीची कधी जुळतात, कधी नाही.

पाटीपेन्सिल

मजकूर छापून पाहू नका, त्याचे बाइट छापून पाहा. प्रत्येक बाइट अनसाइन्ड कॅरॅक्टर (चिन्हाविना, म्हणजे ० ते २५५) म्हणून घ्या आणि त्याची किंमत दशमान आकड्यात छापा. यूटीएफ-८ मध्ये (लिपीचिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड मानकाचा मजकूर बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत) ‘पुणे’ या शब्दाचे चार घटक होतात आणि देवनागरीतला प्रत्येक घटक तीन बाइट घेतो, म्हणून तुम्हाला बारा आकडे दिसायला हवेत:

२२४ १६४ १७०, २२४ १६५ १२९, २२४ १६४ १६३, २२४ १६५ १३५

कीबोर्डवरून वाचलेल्या नावात त्यापुढे तेरावा आकडा १० दिसेल. ते न्यूलाइन आहे. एफगेट्स ते मजकुरातच ठेवते आणि स्ट्रकम्पच्या दृष्टीने तो इतरांसारखाच एक बाइट असतो. फाइल विंडोजवर तयार झाली असेल तर १० च्या आधी १३ ही दिसेल. पहिल्याच ओळीचा घोटाळा असेल तर सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन बाइट आहेत का ते पाहा. काही संपादक यूटीएफ-८ फाइलच्या आरंभी ही खूण लिहितात, आणि पडद्यावर ती दिसत नाही. वाचल्याबरोबर मजकूर स्वच्छ करा, तुलनेच्या जागी ठिगळे लावत बसू नका.

रात्रपाळी

स्ट्रकम्पऐवजी सरसकट स्ट्रएनकम्प वापरावे असा आमच्या गटात दंडक आहे. शेवटचे शून्य राहून गेले तर स्ट्रकम्प मेमरीत भरकटत जाते; स्ट्रएनकम्पला लांबीची मर्यादा देता येते, म्हणून ते सुरक्षित. धाग्यात याचा उल्लेख हवा होता.

खोडरबर

‘एन असलेले ते सुरक्षित’ हा समज इतका पक्का बसला आहे की त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. स्ट्रएनकम्प पहिल्या तितक्या बाइटांपुरतीच तुलना करते, म्हणजे तिचा प्रश्नच वेगळा आहे. ती लांबी कोण ठरवतो, यावर सगळे अवलंबून असते.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण मे २०१७ मध्ये उघडकीला आले. इंटेलच्या अनेक व्यावसायिक संगणकांत एएमटी नावाची, दुरून देखभाल करण्याची सोय असते. संगणक बंद असला तरी ती जागी राहू शकते. तिच्या वेब पानावर ॲडमिन म्हणून शिरताना ब्राउझर पासवर्डवरून काढलेली ३२ अक्षरांची एक खूण पाठवतो आणि यंत्र स्वतः काढलेल्या खुणेशी ती ताडून पाहते. ही तुलना स्ट्रएनकम्पने केली होती, आणि तिला लांबी दिली होती ती समोरून आलेल्या खुणेची. समोरच्याने रिकामी खूण पाठवली की लांबी शून्य, शून्य बाइटांची तुलना नेहमीच जुळते, आणि दार उघडते. पासवर्ड कितीही अवघड असला तरी त्याचा काही उपयोग नव्हता. ही चूक २०१० च्या सुमारापासूनच्या यंत्रांत होती. इथे साधे स्ट्रकम्प वापरले असते, तर रिकामी खूण पहिल्याच बाइटला नापास झाली असती.

दुसरे उदाहरण निन्टेन्डोच्या वी या खेळयंत्राचे. खेळाची सही खरी आहे का हे तपासताना २० बाइटांचा एसएचए-१ हॅश (मजकुरावरून काढलेली ठरावीक लांबीची खूण) ताडून पाहावा लागतो. हॅश हा मजकूर नव्हे. त्यात शून्य किमतीचा बाइट कुठेही येऊ शकतो. तरी तिथे स्ट्रएनकम्प वापरले होते, आणि ते दोन्हीकडे शून्य दिसताच ‘जुळले’ म्हणून थांबते. सहीच्या जागी सगळी शून्ये भरली की सही तपासणाऱ्या आरएसए पद्धतीच्या गणितातून शून्येच बाहेर पडतात. मग मूळ मजकुरातला एखादा निरुपयोगी भाग बदलत राहायचे, म्हणजे सरासरी २५६ प्रयत्नांत हॅशचा पहिला बाइट शून्य येतो आणि खोटी सही खरी ठरते. २००८ च्या सुमारास हे सर्वांना कळले आणि मग यंत्रातले ते लिखाण दुरुस्त करावे लागले.

तेव्हा बाइटांचा गठ्ठा असेल तर मेमकम्प (शून्याला न अडता ठरावीक बाइट ताडणारे फंक्शन), आणि गुप्त खूण असेल तर तेही नको. मेमकम्प पहिल्या फरकाला थांबू शकते आणि लागलेल्या वेळेवरून किती बाइट बरोबर होते याचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी सगळे बाइट पाहूनच उत्तर देणारी फंक्शने ओपनएसएसएल ही लायब्ररी आणि ओपनबीएसडी ही कार्यप्रणाली यांनी वेगळी पुरवली आहेत.

रात्रपाळी

उदाहरणे मान्य आहेत, पण स्ट्रएनकम्पला हक्काची जागा आहे एवढे नोंदवतो. जुन्या युनिक्समध्ये डिरेक्टरीतले फाइलचे नाव १४ बाइटांच्या ठरावीक खणात ठेवत. नाव पूर्ण १४ बाइटांचे असेल तर शेवटी शून्याला जागाच उरत नसे. अशा खणांसाठी ते फंक्शन चपखल आहे. सुरुवात जुळते का एवढेच पाहायचे असेल तेव्हाही ते योग्यच, फक्त लांबी आपल्या बाजूच्या स्थिर शब्दाची असावी, समोरून आलेली नव्हे.

बाइटभर

धागाकर्त्यांनी ‘एवढेच मानक सांगते’ असे लिहिले आहे, त्या वाक्यावर मी थोडा जास्त भर देईन. मानक फक्त चिन्हाची हमी देते, आकड्याची नाही. काही लायब्ररी −१, ० आणि १ देतात, काही बाइटांची वजाबाकी देतात, काही आणखी मोठे आकडे देतात. हा आकडा लहान प्रकारात कोंबला तर काय होते, ते जून २०१२ मध्ये मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या डेटाबेस प्रणालींबाबत जाहीर झाले. पासवर्डची खूण तपासणारे त्यांचे फंक्शन मेमकम्पचे उत्तर एका बाइटाच्या प्रकारात परत करत होते. ग्लिबसी या लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीतल्या एका वेगवान मेमकम्पचे उत्तर कधीकधी २५६ च्या पटीत येई. त्याचा खालचा बाइट शून्य, म्हणजे ‘जुळले’. चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा देत राहिले की साधारण २५६ पैकी एका वेळी प्रवेश मिळे. जीसीसीच्या अंगभूत मेमकम्पसह बांधलेल्या आवृत्तीत हे घडत नसे, त्यामुळे एकाच्या यंत्रावर दिसणारी गोष्ट दुसऱ्याच्या यंत्रावर दिसत नव्हती.

याच जातीचा आणखी एक मुद्दा आपल्यासाठी जवळचा आहे. सरावासाठी स्ट्रकम्प स्वतः लिहिताना बहुतेक जण साध्या कॅरॅक्टर प्रकाराची वजाबाकी करतात. इंटेल-एएमडीच्या संगणकांवर हा प्रकार सहसा चिन्हासहित असतो, म्हणून २२४ हा बाइट −३२ होऊन बसतो. मग रोमन लिपीतले ‘पुणे’, ज्याचा पहिला बाइट ८० आहे, देवनागरीतल्या ‘पुणे’च्या नंतर लागते. मानकाप्रमाणे बाइट चिन्हाविना धरायचे असल्याने ते आधी लागायला हवे. एआरएमवरच्या लिनक्समध्ये तोच प्रकार चिन्हाविना असतो, आणि तिथे तेच लिखाण बरोबर क्रम देते. नुसत्या इंग्रजी मजकुरावर चाचण्या घेतल्या तर ही चूक जन्मभर सापडत नाही.

अर्धविराम

बाइट छापून पाहिले. १३ आणि १० दोन्ही होते. आभार. आता क्यूसॉर्टला (यादी क्रमाने लावणाऱ्या फंक्शनला) थेट स्ट्रकम्प दिले, प्रकार जुळावा म्हणून कास्टही (प्रकाराचा सक्तीचा बदल) केला, तर क्रम भलताच लागतो. असे का व्हावे?

बाइटभर

क्यूसॉर्ट तुमच्या तुलना-फंक्शनला घटक देत नाही, घटकाचा पत्ता देते. तुमचा ॲरे पॉइंटरांचा आहे, म्हणून हाती येतो तो पॉइंटरचा पत्ता, आणि स्ट्रकम्प त्या पॉइंटरचेच बाइट मजकूर समजून ताडत बसते. दोन ओळींचे स्वतःचे फंक्शन लिहा, त्यात एकदा आत शिरून खरा पॉइंटर काढा आणि मग स्ट्रकम्पला द्या. कास्ट करून कंपायलरला गप्प केले नसते, तर त्यानेच हे सांगितले असते.

पोटमाळा

मी एका छोट्या वाचनालयाच्या पुस्तकसूचीचा प्रोग्राम सांभाळतो, म्हणून तिसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. सूचीत ‘ॲ’ असलेले शब्द शोधले की काही पुस्तके सापडतात आणि काही सापडत नाहीत, कारण ते अक्षर लोकांनी तीन प्रकारे टंकलेले असते. एकसंध ‘ॲ’ हा २२४ १६५ १७८ असा तीन बाइटांचा आहे. ‘अ’ वर चंद्र दिलेला ‘अॅ’ हा २२४ १६४ १३३ आणि २२४ १६५ १३३ असा सहा बाइटांचा आहे. तिसरा ‘ऍ’, २२४ १६४ १४१, हा मुळात ‘ए’ वर चंद्र असलेला, पण एकसंध ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली येईपर्यंत त्याची जागा अनेकांनी यालाच दिली होती. वाचकाच्या लेखी तिन्ही एक. स्ट्रकम्पच्या लेखी तिन्ही वेगळे. आणि युनिकोडचे प्रमाणीकरण (समतुल्य रूपे एकाच रूपात आणणे) चालवले तरी हे तिन्ही एक होत नाहीत, कारण युनिकोड त्यांना समतुल्य मानत नाही.

‘ऱ’ चे प्रकरण अर्धे सोपे आणि अर्धे अवघड आहे. एकसंध ‘ऱ’ आणि ‘र’ खाली नुक्ता ही दोन रूपे युनिकोड समतुल्य मानते, म्हणून प्रमाणीकरणाने ती एक होतात. पण ‘दऱ्या’ मधला जोड ‘र’, हलन्त आणि झीरो-विड्थ-जॉइनर (अक्षरे जोडणारे अदृश्य चिन्ह) असाही टंकता येतो. दिसायला तो तसाच दिसतो, पण प्रमाणीकरण त्याला हात लावत नाही.

मी यावर आयसीयू ही युनिकोडच्या कामांची तयार लायब्ररी लावावी की स्वतःचे छोटे फंक्शन लिहावे, अशा विचारात आहे.

पाटीपेन्सिल

सांगण्याआधी चौथा प्रश्नही यात ओढतो, कारण सूची म्हटली की क्रम आलाच. यूटीएफ-८ ची रचना अशी आहे की चिन्हाविना बाइटांचा क्रम आणि युनिकोड क्रमांकांचा क्रम एकच राहतो. म्हणून स्ट्रकम्पने लावलेली यादी वरवर पाहता बरी दिसते. पण युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’ च्या लगेच नंतर आहे, तर आपल्या वर्णमालेत तो ‘ह’ नंतर येतो. स्ट्रकम्पने लावल्यास ‘काल, काळ, कावळा, कास’ असा क्रम मिळतो. वर्णमालेप्रमाणे ‘काल, कावळा, कास, काळ’ हवा. एकसंध ‘ॲ’ ने सुरू होणारी पुस्तके तर ‘ह’ च्याही नंतर जाऊन बसतात, आणि ‘अॅ’ वाली ‘अ’ जवळच राहतात, म्हणजे एकाच शब्दाची पुस्तके सूचीच्या दोन टोकांना.

यासाठी सी भाषेत स्ट्रकोल आहे. ते निवडलेल्या लोकेलच्या (भाषा आणि प्रदेश यांच्या मांडणीच्या) नियमांनी तुलना करते. मात्र प्रोग्राम सुरू होताना लोकेल ‘सी’ असते आणि सेटलोकेल या फंक्शनला हाक मारेपर्यंत तेच राहते, त्यामुळे ती हाक विसरली की स्ट्रकोल आणि स्ट्रकम्प यांत फरकच उरत नाही. तसेच ज्या प्रणाली ग्लिबसीऐवजी मसल ही लायब्ररी वापरतात, उदाहरणार्थ अल्पाइन लिनक्स, तिथे स्ट्रकोल आतून स्ट्रकम्पच आहे. विकासकाच्या लॅपटॉपवर नीट लागणारी मराठी यादी अल्पाइनच्या कंटेनरमध्ये बिघडली, तर प्रथम इकडे बघावे.

खोडरबर

स्ट्रकोलने लावलेला क्रम डिस्कवर जपून ठेवणार असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ते नियम लायब्ररीबरोबर बदलतात. ऑगस्ट २०१८ च्या ग्लिबसी २.२८ मध्ये क्रमवारीचे तक्ते नव्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे केले गेले. अमेरिकन इंग्रजीच्या लोकेलमध्ये "11" हे आधी "1-1" च्या पूर्वी लागत असे, ते नंतर लागू लागले. पोस्टग्रेएसक्यूएल ही डेटाबेस प्रणाली मजकुराच्या इंडेक्ससाठी (शोधासाठी क्रमाने लावलेल्या सूचीसाठी) सर्वसाधारणपणे याच लायब्ररीचा क्रम वापरते. म्हणून कार्यप्रणाली अद्ययावत केल्यावर जुने इंडेक्स नव्या नियमांनी चुकीचे ठरले. असलेली नोंद सापडेना आणि एकमेव असायला हवी ती नोंद दोनदा शिरू लागली. उपाय एकच होता, इंडेक्स नव्याने बांधणे. विदा शाबूत होती, फक्त ‘आधी कोण’ या प्रश्नाचे उत्तर बदलले होते.

पोटमाळा

मग माझ्या सूचीसाठी काय करावे? मूळ नावे बदलायची नाहीत, कारण मुखपृष्ठावर जसे छापले आहे तसे ठेवायचा आमचा नियम आहे.

पाटीपेन्सिल

मूळ नावाला हात लावू नका. प्रत्येक नोंदीबरोबर शोधासाठी एक वेगळी किल्ली (तुलनेपुरते एकसारखे केलेले नावाचे रूप) साठवा, शोधशब्दाचीही तशीच किल्ली करा, आणि मग दोन किल्ल्या साध्या स्ट्रकम्पने ताडा. क्रमवारीसाठी आयसीयूचा मराठी क्रम घ्यावा, आणि सूची मोठी नसेल तर तो इंडेक्समध्ये न गोठवता दाखवतानाच लावावा. किल्ली बनवायला मात्र तुमचे स्वतःचे फंक्शन लागेलच, कारण ‘अॅ’ आणि ‘ऍ’ यांचे ‘ॲ’ करणे हा आपला निर्णय आहे, युनिकोडचा नव्हे.

ते लिहिताना पायऱ्यांचा क्रम सांभाळा. पुष्कळ जण पहिल्या झटक्यात अदृश्य चिन्हे म्हणून सगळे झीरो-विड्थ-जॉइनर काढून टाकतात. तसे केले की ‘र’, हलन्त, जॉइनर आणि ‘य’ यांतला जॉइनर जातो आणि साधा ‘र्य’ उरतो. मग ‘आचाऱ्यांचा’ स्वयंपाक शोधणाऱ्याला ‘आचार्यांचे’ वाङ्मय मिळते. आधी प्रमाणीकरण करून नुक्त्याचा ‘र’ एकसंध ‘ऱ’ करून घ्या. मग २२४ १६४ १७६, २२४ १६५ १४१, २२६ १२८ १४१ हे नऊ बाइट दिसतील तिथे २२४ १६४ १७७, २२४ १६५ १४१ हे सहा लिहा. उरलेले जॉइनर त्यानंतरच काढा.